रुग्णनोंदींची किल्ली कोणाकडे? डोंगल आणि ऑनलाइन ॲक्टिव्हेशन : एक तौलनिक विचार

आयुर्वेदीय चिकित्सालयात संगणक आता नवीन राहिलेला नाही. रुग्णपत्रक, प्रकृतिपरीक्षण, पंचकर्माचे वेळापत्रक, औषधसाठा आणि बिले यांच्या नोंदी अनेक वैद्य सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. असे सॉफ्टवेअर निवडताना त्यातील सोयी आणि किंमत यांची चौकशी आवर्जून केली जाते. ते कोणाच्या अनुमतीने सुरू होते, ही अनुमती कोठे साठविलेली असते आणि एखाद्या दिवशी ती मिळेनाशी झाली तर नोंदींचे काय होणार, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत.

आपल्या चिकित्सापद्धतीत या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. आमवात, ग्रहणी, तमकश्वास यांसारख्या जीर्ण व्याधींचा रुग्ण एकाच वैद्याकडे पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे येत राहतो. व्याधीचा वेग कोणत्या ऋतूत वाढला, कोणत्या कल्पाने उपशय मिळाला, कोणते शोधन सोसले नाही, हे जुन्या नोंदींवरूनच कळते. संगणक काही वर्षांत बदलावा लागतो. नोंद मात्र रुग्णाच्या आयुष्याइतकी टिकणे अपेक्षित असते. या दोहोंच्या मध्ये सॉफ्टवेअरचे कुलूप उभे असते. त्या कुलुपाचे दोन प्रमुख प्रकार, म्हणजे यंत्राला जोडावयाचे डोंगल आणि इंटरनेटद्वारे होणारे ॲक्टिव्हेशन, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुलुपाची आवश्यकता

आपण सॉफ्टवेअर विकत घेतले असे म्हणतो. प्रत्यक्षात आपल्याला मिळतो तो ते वापरण्याचा परवाना. ग्रंथाची नक्कल करण्यास कष्ट पडतात. सॉफ्टवेअरची नक्कल काही मिनिटांत, मूळ प्रतीइतकीच उत्तम तयार होते. त्यामुळे एका परवान्यावर दहा संगणक चालविण्याचा मोह अनेकांना होतो. वैद्यकीय व्यवसायासाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संस्था बहुधा लहान असतात आणि त्यांचा ग्राहकवर्ग मोजका असतो. त्यांच्या दृष्टीने काही ना काही कुलूप लावणे स्वाभाविक आहे. तेव्हा कुलूप असावे की नसावे हा वादाचा विषय नाही. त्याची किल्ली कोणाकडे असते आणि त्या कुलुपाआड नेमके काय बंद होते, एवढेच पाहावयाचे आहे.

डोंगल : रचना व कार्य

डोंगलचा उगम १९८० च्या सुमारास झाला. कमोडोर पेट या संगणकावर चालणाऱ्या ‘वर्डक्राफ्ट’ नावाच्या लेखन-सॉफ्टवेअरसाठी असे उपकरण प्रथम वापरले गेले, असे मानले जाते. पुढे डॉन गॉल नावाच्या गृहस्थावरून ‘डोंगल’ हा शब्द आला, अशी आख्यायिका पसरली; परंतु ती १९९२ मधील एका जाहिरातीतील थट्टा होती. आपल्याकडे याच उपकरणाला ‘हार्डवेअर लॉक’ किंवा नुसते ‘लॉक’ म्हणतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर ज्यांनी मराठी अक्षरजुळणी केली आहे, त्यांना हे लॉक चांगले परिचित असेल.

प्रारंभी ही उपकरणे प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या पोर्टमध्ये बसवून त्यांच्या मागे प्रिंटर जोडला जाई. यूएसबी आल्यावर त्यांना पेनड्राइव्हसारखे रूप मिळाले. कार्यपद्धती साधी आहे. सॉफ्टवेअर सुरू होताना आणि नंतरही ठरावीक अंतराने डोंगलला प्रश्न विचारते. योग्य उत्तर आले तरच पुढे जाते. जुन्या डोंगलचे उत्तर ठरलेले असे, म्हणून त्याची नक्कल करणे सोपे होते. नंतरच्या डोंगलमध्ये सूक्ष्म संगणकच बसविलेला असतो. तो प्रत्येक वेळी वेगळ्या प्रश्नाचे गुप्त किल्लीच्या साहाय्याने गणित करून उत्तर देतो. ही गुप्त किल्ली उपकरणाबाहेर येत नाही. परवान्याची मुदत, वापरकर्त्यांची संख्या यांसारखी माहितीही डोंगलमध्येच ठेवता येते. नेटवर्कसाठीचे डोंगल एका संगणकाला लावून रुग्णालयातील अनेक संगणकांवर ठरावीक संख्येने सॉफ्टवेअर चालविता येते.

डोंगलचे गुणदोष

डोंगलचा मोठा गुण म्हणजे किल्ली वापरकर्त्याच्या हाती असते. इंटरनेट नसले, उत्पादकाचे कार्यालय बंद असले, तरी काम अडत नाही. संगणक बिघडल्यास दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकून डोंगल तेथे लावता येते. कोणाची परवानगी मागावी लागत नाही. दिवसा चिकित्सालयात आणि रात्री घरी एकच परवाना वापरणेही शक्य होते.

दोषही या गुणातूनच उत्पन्न होतात. किल्ली वस्तुरूप असल्यामुळे ती हरवते, मोडते, चोरीला जाते. नादुरुस्त डोंगल अल्प शुल्कात बदलून देणाऱ्या अनेक संस्था हरवलेल्या डोंगलसाठी मात्र नवीन परवाना घ्यावयास सांगतात. कारण त्यांच्या लेखी डोंगल हाच परवाना असतो. शिवाय डोंगल रात्रंदिवस संगणकालाच लावलेले असते, म्हणून संगणकावरील संकट त्याच्यावरही येते. ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूरच्या महापुराने तळमजल्यावरील वस्तूंची किती हानी होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. अशा प्रसंगी नोंदींची प्रत अन्यत्र सुरक्षित असूनही ती उघडण्याची किल्ली पाण्याखाली असू शकते.

याहून सूक्ष्म दोष काळाचा आहे. पंचवीस टाचण्यांचे पोर्ट नवीन संगणकांतून नाहीसे झाले. यूएसबी डोंगलला विंडोजमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाष्या लागतो. विंडोजची बत्तीस-बिट आवृत्ती जाऊन चौसष्ट-बिट आली, तेव्हा जुने ड्रायव्हर निरुपयोगी ठरले. नव्या पिढीतील काही डोंगलना स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही, ही त्यांतील सुधारणा होय. कुलपे तयार करणाऱ्या संस्थाही स्थिर नसतात. अमेरिकेतील रेनबो टेक्नॉलॉजीज २००४ मध्ये सेफनेटमध्ये विलीन झाली; इस्रायलची अलादीनही पुढे त्याच छत्राखाली आली; २०१५ मध्ये सेफनेट जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये जेमाल्टो फ्रान्सच्या थालेस समूहाकडे गेली.

ऑनलाइन ॲक्टिव्हेशन : रचना व कार्य

ही पद्धत सामान्य वापरकर्त्याच्या परिचयाची झाली ती मुख्यतः २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमुळे. पंचवीस अक्षरांची उत्पादन-किल्ली टाकून तीस दिवसांच्या आत ॲक्टिव्हेशन करावे लागे. इंटरनेट नसल्यास दूरध्वनीवरून लांबलचक आकडा वाचून दाखवून त्याचे उत्तर लिहून घेता येत असे.

यात सॉफ्टवेअर संगणकाच्या घटकांवरून, म्हणजे हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, मदरबोर्ड इत्यादींवरून, एक ठसा तयार करते. हा ठसा आणि उत्पादन-किल्ली उत्पादकाच्या सर्व्हरकडे जाते. परवाना शिल्लक असल्यास सर्व्हर अनुमतीचे उत्तर पाठवितो आणि ते संगणकात साठविले जाते. काही सॉफ्टवेअर एकदाच अनुमती घेतात. वर्गणीवर चालणारी ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणा करतात. पूर्णपणे इंटरनेटवर चालणाऱ्यांना प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सर्व्हर लागतो. ‘ऑनलाइन’ या एकाच शब्दाखाली हे तीन भिन्न प्रकार येतात, हे ध्यानात ठेवावे.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. हरविण्याजोगी वस्तू नाही, पार्सलची प्रतीक्षा नाही, पोर्ट अडत नाही. दोन गावांत चिकित्सालय असलेल्या वैद्याला परवाना इकडून काढून तिकडे लावणे सोपे जाते. उत्पादकालाही डोंगलचा खर्च वाचतो आणि सुधारित आवृत्ती त्वरित देता येते. म्हणूनच पूर्वी डोंगलवर विसंबणारे काही व्यवसायही त्यापासून दूर गेले; जर्मनीतील श्टाइनबर्ग कंपनीने २०२२ मध्ये आपल्या क्यूबेस या संगीत-सॉफ्टवेअरच्या बाराव्या आवृत्तीपासून डोंगलची अट काढून टाकली.

दोष असा की, हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड बदलल्यास ठसा जुळत नाही आणि तोच संगणक सॉफ्टवेअरला परका वाटू लागतो. यापेक्षा मोठा दोष म्हणजे किल्ली दूर असते. ती तेथे किती वर्षे राहील, हे आपल्या हाती नसते.

दूरच्या किल्लीची तीन उदाहरणे

ॲडोबीच्या क्रिएटिव्ह सूट २ या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाले. रीतसर पैसे मोजून घेतलेला संच पुन्हा टाकावयाचा झाल्यास अनुमती देणारा कोणी उरला नाही. तक्रारी आल्यावर कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत आणि तिचा क्रमांक उपलब्ध करून दिला. मोठी कंपनी जिवंत होती, म्हणून हा उपाय झाला. लहान संस्था बंद पडल्यावर अशी प्रत कोण देणार?

दुसरे उदाहरण व्हेनेझुएलाचे. अमेरिकन शासनाच्या निर्बंधांमुळे त्या देशातील सर्व खाती बंद करण्याची घोषणा ॲडोबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये केली. पुढे अमेरिकन शासनाची परवानगी मिळाल्याने तो निर्णय मागे घेण्यात आला. तेथील वापरकर्त्यांचा यात काही दोष नव्हता.

तिसरे उदाहरण भारतातीलच आहे. गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ई-मेल आदी सेवा थांबविल्या. शुल्क पूर्ण भरले असल्याचे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. हा प्रकार ॲक्टिव्हेशनचा नसून ऑनलाइन सेवेचा होता. परंतु किल्ली दुसऱ्याकडे असण्याचा अर्थ त्यातून स्पष्ट होतो. नायरासारखी कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकली. तालुक्याच्या गावी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याला तो मार्ग सहजसाध्य नाही.

साध्यासाध्यविचार

कुलुपाच्या बिघाडांचेही आपल्या शास्त्रातील परिभाषेप्रमाणे चार वर्ग करता येतात.

डोंगल मोडले किंवा हार्ड डिस्क बदलल्याने अनुमती रद्द झाली, परंतु उत्पादक कार्यरत आहे : हा बिघाड सुखसाध्य. एक दूरध्वनी आणि काही दिवसांचा विलंब, एवढ्यात निभावते.

उत्पादक आहे, पण नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर नाही. किंवा सर्व्हर बदलल्यामुळे जुनी आवृत्ती ओळखली जात नाही : हा कृच्छ्रसाध्य. नवीन आवृत्तीचे मूल्य द्यावे लागते आणि जुन्या नोंदी तिच्यात नीट उतरतील याची शाश्वती नसते.

उत्पादक संस्था बंद झाली आहे, परंतु जुना संगणक आणि त्यावरील सॉफ्टवेअर अद्याप चालते : हा याप्य. संगणक चालतो तोवर नोंदी मिळतात, तो थांबताच सर्व थांबते.

संस्था बंद, संगणक मृत आणि डोंगल वा सर्व्हर नाही : हा असाध्य. नोंदींची फाइल समोर दिसते, वाचता मात्र येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयात यांपैकी तिसरी अवस्था प्रत्यक्ष अनुभवास आली. २००७ मध्ये घेतलेल्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल होते. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपल्यावर नवीन संगणक आणला, तेव्हा त्यावर ते डोंगल ओळखले जाईना. आणि ते विकणारी संस्था तोपर्यंत बंद झाली होती. सात वर्षांतील रुग्णांच्या नोंदी केवळ जुन्या संगणकावर उघडत होत्या. रोजचा ‘बॅकअप’ व्यवस्थित होता, पण तो उघडण्यासाठी तेच सॉफ्टवेअर आणि तेच डोंगल लागत असे. अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट ती हीच. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषेतील बॅकअप हा त्याच कुलुपाआडची दुसरी पेटी असतो.

उपाय विंडोजमध्येच मिळाला. ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ नावाचा प्रिंटर त्यात जोडता येतो आणि त्याची छपाई कागदाऐवजी फाइलमध्ये करता येते. जुन्या संगणकावर एकेक रुग्णपत्रक ‘छापून’ साध्या मजकुराच्या फाइली तयार केल्या. दुपारच्या वेळी रोज थोडे थोडे करीत हे काम काही महिने चालले. चालू उपचारातील जीर्ण रुग्णांची पत्रके आधी घेतली. इंग्रजीतील नोंदी शुद्ध उतरल्या. मराठी नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्याने निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसत होत्या. त्या रूपांतर करून तपासाव्या लागल्या. ज्यांचा जुना संगणक अद्याप चालतो आहे, त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. याप्य अवस्था असाध्य होण्यास एक विजेचा झटका पुरेसा असतो.

कायद्याची बाजू

डोंगल निकामी झाल्यावर ‘क्रॅक’ मिळवून देणारे लोक बाजारात भेटतात. त्यांच्यापासून दूर राहणे इष्ट. अशा प्रतींतून संगणकात घातक प्रोग्राम शिरण्याचा धोका असतो, आणि येथे प्रश्न रुग्णांच्या खासगी माहितीचा आहे. शिवाय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची अवैध प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

त्याच अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वैध प्रत धारण करणाऱ्याला हानी वा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून सॉफ्टवेअरची राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ मध्ये तांत्रिक कुलूप चुकविण्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेथे प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असणे आवश्यक धरले आहे. स्वतःच्या नोंदी बाहेर काढणे आणि सॉफ्टवेअर फुकट वापरणे यांत भेद आहेच. तथापि प्रत्यक्ष प्रसंगी वकिलाचा सल्ला घेतल्याविना पुढे जाऊ नये. अमेरिकेत या अडचणीची दखल थेट घेतली गेली होती. बिघडलेल्या आणि बाजारातून नाहीशा झालेल्या डोंगलमुळे अडलेल्या सॉफ्टवेअरसाठी तेथील प्रताधिकार कार्यालयाच्या प्रक्रियेतून २००३ मध्ये सवलत मिळाली आणि २००६ व २०१० मध्ये ती पुन्हा दिली गेली.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. परवाना डोंगलशी, संगणकाशी की खात्याशी जोडलेला आहे? संगणक बदलल्यास तो किती वेळा, किती शुल्कात हलविता येतो?

२. डोंगल मोडल्यास काय आणि हरवल्यास काय? दोन्ही नियम वेगळे विचारावेत.

३. विंडोजची नवीन आवृत्ती आल्यास डोंगलचा ड्रायव्हर कोण देणार आणि किती वर्षे?

४. ऑनलाइन असल्यास, इंटरनेट नसताना सॉफ्टवेअर किती दिवस चालते?

५. वर्गणी थांबविल्यावर जुन्या नोंदी निदान वाचता येतात का?

६. सर्व नोंदी एकत्रितपणे सीएसव्ही, पीडीएफ अशा सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये बाहेर काढता येतो का? हे विक्रेत्याने आपल्यासमोर करून दाखवावे.

७. संस्था बंद करण्याची वेळ आल्यास ग्राहकांना कुलूपमुक्त प्रत देण्याचे आश्वासन आहे का?

यांपैकी पाचवा आणि सहावा प्रश्न निर्णायक आहेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर डोंगल की ऑनलाइन हा केवळ सोयीचा प्रश्न उरतो. इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या गावी, एका संगणकावर काम करणाऱ्या वैद्याला डोंगल अधिक सोयीचे. शाखा अनेक असतील, सहायक वैद्य बदलत असतील, तर ऑनलाइन पद्धत बरी. परंतु नोंदी बाहेर काढण्याची सोयच नसेल, तर दोन्ही प्रकारांत आपल्या रुग्णांचा इतिहास दुसऱ्याच्या कपाटात ठेवल्यासारखे होते.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर आधीच आहे, त्यांनी दर तीन महिन्यांनी सर्व नोंदी साध्या स्वरूपात काढून चिकित्सालयाबाहेर सुरक्षित ठेवाव्यात आणि त्यातील एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. डोंगलच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र आणि खरेदीचे बिल सोबत ठेवावे. दीर्घकाल उपचार घेणाऱ्या रुग्णांचा एकपानी सारांश छापून धारिकेत लावावा. ही प्रत घरी नेली तरी तिच्या गोपनीयतेची जबाबदारी वैद्यावरच राहते, हेही विसरू नये.

समारोप

परवाना हा उत्पादक आणि वैद्य यांच्यातील व्यवहार आहे; रुग्णाचा त्यात काही भाग नसतो. आपल्या नाडीची, अग्नीची, कोष्ठाची माहिती त्याने वैद्यावर विश्वासून दिलेली असते. म्हणून सॉफ्टवेअरला कुलूप असण्यास हरकत नसावी. परंतु त्या कुलुपाआड रुग्णाची नोंद अडकणार नाही, याची व्यवस्था खरेदीच्या दिवशीच झाली पाहिजे. पुढील खरेदी किंवा वार्षिक नूतनीकरण यापूर्वी वरील सात प्रश्नांचा कागद विक्रेत्यापुढे ठेवावा, एवढीच व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.